लोप आणि नाश : संगणकातील पुसलेल्या नोंदींच्या पुनःप्राप्तीचा इतिहास

१. प्रास्ताविक

व्याकरणशास्त्रात 'लोप' ही संज्ञा नाशाची वाचक नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात लोपाचा अर्थ 'न दिसणे' एवढाच निश्चित केला आहे. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्या निमित्ताने होणारे कार्य थांबत नाही, अशी व्यवस्थाही तेथेच लावून दिली आहे. जे दिसत नाही ते नाहीच असे मानू नये, हा विवेक आपल्या व्याकरणपरंपरेने पुरातन काळापासून सांभाळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाचा प्रसार झाला तेव्हा मात्र सामान्य वापरणाऱ्याच्या मनात नेमका हाच विवेक सुटला. पडद्यावरून फाइलीचे नाव नाहीसे झाले की फाइलच नाहीशी झाली, असे त्याने गृहीत धरले. या गृहीतकामुळे कोणी हताश झाले, तर कोणी निर्धास्त झाले; आणि दोघांचीही समजूत पुष्कळदा चुकीची ठरली.

लिहिलेले पुसण्याच्या तीन रीती आपल्याकडे पूर्वापार परिचित आहेत. पहिली रीत धूळपाटीची. पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अक्षर काढावे आणि त्यावरूनच हात फिरवावा. धुळीचे कण विस्कटले की अक्षर खरोखरच संपते. दुसरी रीत हरताळाची. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देई. 'हरताळ फासणे' हा मराठीतील वाक्प्रचार या प्रक्रियेची आठवण अजून ठेवून आहे. येथे अक्षर झाकले जाते, आणि लेप विरळ असेल तर खालचे मूळ वाचताही येते. तिसरी रीत दप्तराची. रुमालात बांधलेले कागद फडताळात जागच्या जागी राहतात, फक्त यादीतून त्यांची नोंद कमी केली जाते. ज्याला यादीशिवाय वाट सापडत नाही त्याच्या दृष्टीने ते कागद नष्टच झाले. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील पुसणे धूळपाटीचे वाटत असले, तरी अर्धशतकाच्या इतिहासात ते बहुतेक वेळा या तिसऱ्या रीतीचे होते. पुसलेल्या फाइली परत मिळविण्याची कला याच फरकातून जन्मली. तो फरक कसा निर्माण झाला, त्याचा उपयोग कोणी कसा केला आणि अलीकडे तो का मिटत चालला आहे, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२. नाव आणि वस्तू यांची फारकत

चुंबकीय चकत्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आय.बी.एम. या कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' या संगणकाबरोबर बाजारात आणले. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या एका आसाभोवती फिरत, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. अशा यंत्रातील नोंद तिच्या स्थानावरून ओळखली जाई; अमुक चकतीवरील अमुक रेघ हाच तिचा पत्ता. पत्ता हेच नाव असल्यावर जुनी नोंद काढणे म्हणजे त्याच जागी नवी लिहिणे असा सरळ हिशेब होता.

एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली तेव्हा ही पद्धत अपुरी पडली. आपली माहिती चकतीच्या कोणत्या भागात पडली आहे हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवण्याऐवजी तिला एक नाव द्यावे, आणि नावावरून स्थान शोधण्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात रुळली. नावांची एक निर्देशिका, तिच्या आधाराने स्थानांची एक सारणी, आणि या दोहोंपासून वेगळी प्रत्यक्ष माहिती, अशी त्रिविध रचना त्यातून उभी राहिली. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर वाचक आणि वाच्य येथे एकमेकांपासून सुटे झाले.

बेल प्रयोगशाळेत १९६९ नंतर विकसित झालेल्या युनिक्स या प्रणालीने ही फारकत प्रामाणिकपणे मान्य केली. तिच्यात फाइल काढून टाकण्याच्या मूलभूत आज्ञेचे नावच 'अनलिंक', म्हणजे 'दुवा सोडविणे', असे आहे. एका फाइलीला अनेक नावे असू शकतात. आज्ञेने त्यांपैकी एक नाव सुटते, आणि शेवटचे नाव सुटले व ती फाइल कोणी वापरत नसले, तरच तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. 'पुसणे' हा शब्द तेथे योजलेला नाही, हे लक्षणीय आहे.

घरगुती संगणकांच्या जगात मात्र अशी सावधगिरी नव्हती. गॅरी किल्डॉल याने १९७४ च्या सुमारास रचलेल्या सी.पी.एम. या प्रणालीत फाइल काढून टाकताना निर्देशिकेतील तिच्या नोंदीच्या पहिल्या स्थानी षोडशमान पद्धतीतील 'ई५' ही संख्या लिहिली जाई. त्या काळच्या आठ इंची लवचीक चकत्या तयार होऊन येत तेव्हा त्या याच संख्येने भरलेल्या असत. म्हणून ही संख्या दिसली की 'येथे काही नाही' असा अर्थ प्रणाली घेई. कोऱ्या कागदाची खूणच पुसलेल्या नोंदीची खूण झाली. न लिहिलेले आणि लिहून टाकून दिलेले यांत प्रणालीच्या लेखी भेद उरला नाही. परंतु चकतीवर तो उरलेलाच होता.

हीच खूण पुढे टिम पॅटरसन याच्या १९८० मधील प्रणालीत आणि तिच्यावरून सिद्ध झालेल्या एम.एस. डॉसमध्ये आली. वाटप-सारणीची पद्धत मात्र मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडोनल्ड याने १९७७ साली बसविलेली होती. तिची कल्पना पोथीच्या उपमेने सहज येईल. चकतीचे सारख्या आकाराचे तुकडे म्हणजे जणू पोथीची सुटी पत्रे. निर्देशिकेत पोथीचे नाव, तिची एकूण लांबी आणि पहिले पत्र कोठे आहे एवढेच सांगितलेले असते. पहिल्यानंतर दुसरे पत्र कोणते, दुसऱ्यानंतर तिसरे कोणते, ही साखळी वेगळ्या सारणीत असते. फाइल पुसण्याची आज्ञा दिली की दोनच गोष्टी घडत : नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 'ई५' येई, आणि सारणीतील साखळी शून्याने भरली जाई. पत्रांना कोणी हात लावीत नसे. याचे कारण आळस नसून मितव्यय हे होते. त्या मंदगती यंत्रांत एखाद्या फाइलीवरून सर्वत्र शून्ये फिरविण्यास ती फाइल लिहिण्याइतकाच वेळ लागला असता. चार-दोन स्थानी खूण करण्यास क्षणही पुरे होता.

या खुणेपायी एक लिपिविषयक अडचणही उद्भवली. जपानी लिपीच्या संगणकीय संकेतात काही चिनी चित्राक्षरांची सुरुवात 'ई५' या संख्येनेच होते. अशा अक्षराने आरंभ होणारे नाव फाइलीला दिले तर जिवंत फाइल मृत समजली जाणार. म्हणून अशा ठिकाणी प्रत्यक्षात '०५' लिहावे आणि वाचताना ते 'ई५' समजावे, अशी तोड काढण्यात आली. रोमन लिपी हीच सर्व लेखनाची सीमा मानून केलेल्या संकेताला दुसऱ्या लिपीशी गाठ पडताच आदेश योजावा लागला, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंद घेण्याजोगे आहे.

३. पहिल्या अक्षराचा प्रश्न

वर सांगितलेल्या रचनेतून पुनःप्राप्तीचा मार्ग आपोआप सूचित होतो. तथापि तो सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय पीटर नॉर्टन या अमेरिकन कार्यक्रमकाराकडे जाते. स्वतःची एक फाइल चुकून पुसली गेल्यावर ती पुन्हा टंकित करीत बसण्यापेक्षा चकतीवरूनच शोधून काढणारा कार्यक्रम त्याने लिहिला, आणि १९८२ साली आय.बी.एम.च्या व्यक्तिगत संगणकासाठी तो इतर काही उपयुक्त कार्यक्रमांसह विक्रीस आणला. त्या संचाची ख्याती मुख्यतः या एका सोयीमुळे झाली.

त्याची रीत अशी. पुसलेल्या नोंदीत नावाचे पहिले अक्षर सोडून बाकी सर्व मजकूर, फाइलीची लांबी आणि पहिल्या पत्राचे स्थान शाबूत असे. म्हणून कार्यक्रम वापरणाऱ्याला एकच प्रश्न विचारी : नावाचे पहिले अक्षर कोणते? ते सांगितले की पहिल्या पत्रापासून आरंभ करून लागोपाठची मोकळी पत्रे लांबी पुरी होईपर्यंत जोडली जात, आणि साखळी नव्याने लिहिली जाई. यंत्राच्या स्मृतीत जे एक अक्षर गळाले होते ते माणसाच्या स्मृतीने भरून काढावयाचे, असा हा सहकार होता.

या रीतीच्या मर्यादाही तिच्या तर्कातच आहेत. 'लागोपाठची पत्रे' हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. फाइल चकतीवर विखुरलेली असेल तर मधलीच परकी पत्रे तीत घुसतात, आणि बाहेरून अखंड दिसणारी पण आतून भ्रष्ट अशी प्रत हाती येते. दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. मोकळी म्हणून जाहीर झालेली जागा प्रणाली केव्हाही दुसऱ्या फाइलीस देऊ शकते; एकदा त्यावर नवे लिहिले गेले की अनुमानालाही आधार उरत नाही. म्हणून चूक लक्षात येताच त्या चकतीवर काहीही न लिहिणे, पुनःप्राप्तीचा कार्यक्रमसुद्धा तिच्यावर न उतरविणे, शक्य तर सर्व चकतीची जशीच्या तशी नक्कल घेऊन त्या नकलेवर काम करणे, हा नियम रूढ झाला. मूळ पोथीवर खुणा न करता छायाप्रतीवर काम करावे हा पाठचिकित्सकांचा दंडक आणि हा नियम यांचे मर्म एकच आहे.

पुढे हे कौशल्य प्रणालीच्याच अंगी आले. १९९१ च्या एम.एस. डॉस ५.० मध्ये पुसलेले परत आणण्याची आज्ञा समाविष्ट झाली. तत्पूर्वी १९८३ मध्ये ॲपल कंपनीच्या 'लिसा' या संगणकाने पडद्यावर कचऱ्याच्या टोपलीचे चित्र आणले होते; १९९५ च्या विंडोजमध्येही तशीच टोपली आली. टोपलीतील फाइल पुसलेली नसतेच. तिचे केवळ स्थलांतर झालेले असते. रद्दीवाला येईपर्यंत रद्दीतील कागद वाचता येतो, तशी ही स्थिती होय. टोपली रिकामी केल्यावरच वर वर्णिलेला लोप घडतो.

सर्व प्रणालींत हा लोप सारखाच उथळ नव्हता. १९९३ च्या विंडोज एन.टी.बरोबर आलेल्या एन.टी.एफ.एस. रचनेत फाइलीच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते, पण तिच्या तुकड्यांच्या स्थानांची यादी नोंद पुन्हा वापरली जाईपर्यंत राहते. म्हणून विखुरलेली फाइलही पूर्ण सापडू शकते. उलट लिनक्समधील २००१ च्या 'एक्स्ट-३' रचनेने, यंत्र अचानक बंद पडल्यास सुसंगती टिकावी म्हणून, पुसताना स्थानांची यादीच शून्य करण्यास आरंभ केला. तिच्या आधीच्या 'एक्स्ट-२' मध्ये ती तशीच राहत असे. एका हेतूने केलेली सुधारणा दुसऱ्या हेतूला मारक ठरते याचे हे बोलके उदाहरण आहे.

४. दस्तऐवज म्हणजे काय?

पुसलेल्या संगणकीय नोंदींना राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पहिली मोठी प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्या पैशातून निकाराग्वातील बंडखोरांना मदत केल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्या सुमारास राष्ट्रीय सुरक्षा मंडळातील जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपापल्या संगणकीय पत्रव्यवहारातील हजारो संदेश पुसून टाकले. परंतु ती प्रणाली चालविणारे लोक नियमितपणे सर्व माहितीच्या राखीव प्रती चुंबकीय फितींवर घेत असत. त्या फितींवरून संदेश परत मिळाले, आणि १९८७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या टॉवर आयोगाच्या अहवालास त्यांचा मोठा आधार झाला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नॉर्टनच्या रीतीत पुसलेली वस्तू त्याच चकतीवर शोधली जाते. येथे ती दुसरीकडे ठेवलेल्या नकलेतून मिळाली. पहिली अनुमानाची वाट आहे, दुसरी परंपरेची. एका घराण्यात ग्रंथ नष्ट झाला आणि दुसऱ्या मठात त्याची प्रत सापडली, तर आपण त्यास पाठाचे पुनर्निर्माण म्हणत नाही, प्रत मिळाली असे म्हणतो. पुनःप्राप्तीच्या चर्चेत या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. जे परत मिळाले त्याच्या विश्वसनीयतेची कसोटी दोन्ही ठिकाणी वेगळी आहे, म्हणून ती टाळली पाहिजे.

या प्रकरणाचा उत्तरार्ध इतिहासाच्या अभ्यासकांस अधिक महत्त्वाचा आहे. १९८९ च्या जानेवारीत, रेगन यांची कारकीर्द संपत असताना, हे संगणकीय संदेश नष्ट होऊ नयेत म्हणून नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संशोधनसंस्थेने आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. सरकारचे म्हणणे असे की, महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले म्हणजे पुरे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले. छापील कागदावर मजकूर उतरतो. परंतु तो कोणाकोणास गेला व केव्हा पोहोचला, ही संगणकातील माहिती त्यावर उतरेलच असे नाही. म्हणून छापील प्रत ही मूळ संगणकीय नोंदीचा पर्याय होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. पत्राच्या मजकुराइतकाच त्याच्या पाठीवरचा शेरा आणि पावतीची तारीख बोलकी असते, हे मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे हाताळणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

भारतातही हा प्रश्न न्यायालयासमोर आला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने धरमबीर विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या प्रकरणात असे मत दिले की, हार्ड डिस्कवर एकदा काही लिहिले गेले की पुढे ते पुसले गेले तरी ती डिस्क दस्तऐवज म्हणून गणावी लागते. कारण काय लिहिले व काय पुसले याची माहिती तिच्यातून काढता येते. कोरी डिस्क आणि कोरी केलेली डिस्क यांत न्यायालयाने केलेला हा भेद सी.पी.एम.च्या 'ई५' या खुणेने जे पुसट केले होते तेच पुन्हा ठळक करतो. पुढे २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संगणकीय नोंदीची प्रत पुराव्यात आणताना तिच्या उगमाचे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठामपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर अशा प्रमाणपत्रात नोंदीची गणिती मुद्रा देणेही अपेक्षित आहे. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी ही मुद्रा बदलते. म्हणजे पुनःप्राप्त प्रतीत नंतर हस्तक्षेप झाला नाही, एवढे तरी तिच्यावरून पडताळता येते.

५. सूचीवाचून वाचन

निर्देशिकाही गेली आणि सारणीही गेली, तर काय करावे? यादी जळालेल्या दप्तरखान्यात एकेक कागद उचलून त्याचा मायना पाहावा, तसा उपाय २००० नंतर प्रचारात आला. बहुतेक प्रकारच्या फाइलींचा आरंभ ठरावीक खुणेने होतो. जेपेग पद्धतीचे छायाचित्र 'एफएफ-डी८-एफएफ' या तीन संख्यांनी सुरू होते आणि 'एफएफ-डी९' ने संपते. चकतीवरील सर्व तुकडे क्रमाने वाचीत जावे, आरंभाची खूण दिसली की उचलावे, समाप्तीची खूण आली की थांबावे. अमेरिकन हवाई दलाच्या अन्वेषण शाखेतील दोघांनी लिहिलेला 'फोरमोस्ट' आणि क्रिस्तोफ ग्रनिए याचा 'फोटोरेक' हे कार्यक्रम या रीतीने चालतात. नावे व तारखा मात्र या रीतीने मिळत नाहीत, कारण त्या निर्देशिकेत होत्या. ग्रंथ मिळतो, पण पुष्पिका मिळत नाही.

येथेही विखुरलेपणाचा प्रश्न आहेच. सिमसन गारफिंकेल याने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीनशेहून अधिक जुन्या डिस्क तपासल्या. एकूण फाइलींपैकी थोड्याच विखुरलेल्या होत्या. पण जेपेग छायाचित्रांत हे प्रमाण १६ टक्के, वर्डच्या दस्तऐवजांत १७ टक्के आणि आउटलुकच्या टपालसंग्रहांत ५८ टक्के आढळले. म्हणजे ज्या फाइली शोधकाला सर्वांत हव्या असतात, त्याच अधिक विखुरतात. जी फाइल वारंवार उघडली, वाढविली व साठविली जाते तिला लागोपाठ जागा मिळत नाही, हे याचे कारण. अशा तुकड्यांचा क्रम लावताना मग आशयाकडेच वळावे लागते : एका तुकड्याच्या शेवटी तुटलेला शब्द दुसऱ्या कोणत्या तुकड्याच्या आरंभी पुरा होतो ते पाहावे लागते. पत्रांक नसलेल्या पोथीची पाने लावण्याचे हे जुने काम आहे, सु. मं. कत्रे यांच्या १९४१ च्या भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथाचे वाचक त्याच्याशी अपरिचित नाहीत.

तुकड्यांच्या पद्धतीतून आणखी एक साधन उपलब्ध झाले. तुकडा ४०९६ अक्षरांचा असेल आणि नव्या फाइलीला त्यातील शंभरच लागत असतील, तरी तो सर्व तिच्या नावे लागतो. उरलेल्या भागात पूर्वीच्या फाइलीचा मजकूर राहू शकतो. तेराव्या शतकात एका प्रार्थनापुस्तकासाठी खरवडलेल्या चर्मपत्रांवर हायबर्ग या विद्वानाने १९०६ मध्ये आर्किमिडीजचा मजकूर वाचला, तो याच न्यायाने : नव्या लेखनाने जुन्याला सर्वत्र गाठलेले नसते.

या सर्वांहून विलक्षण उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परतीच्या प्रवासात भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूच्या विष्यंदितेविषयीचा एक प्रयोग त्या यानात चालू होता आणि त्याची बरीच माहिती एका हार्ड डिस्कवर होती. काही महिन्यांनी टेक्सासमधील कोरड्या तळ्याच्या पात्रात ती जळालेली डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्या चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रात बसविल्या आणि जवळजवळ सर्व माहिती वाचली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यशाचे एक कारण असे की, तो संगणक डॉस प्रणालीवर चालत होता आणि माहिती एका ठिकाणी सलग लिहिली गेली होती; चकत्यांचा जो भाग अधिक खराब झाला तेथे काही लिहिलेलेच नव्हते. अग्नी आणि आघात यांतून अक्षर वाचले. सुस्थितीतील डिस्कवरचे अक्षर मात्र त्यावर दुसरे एक अक्षर लिहिले गेल्याने कायमचे जाते. लेखनाचा खरा वैरी लेखनच होय, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.

६. नाशाचे शास्त्र

जे परत आणता येते ते परत येऊ नये असेही कोणास वाटते. ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन याने १९९६ मध्ये एका निबंधात असे प्रतिपादिले की, चकतीवर नवे लिहिल्यानंतरही जुन्या चुंबकत्वाचा अंश मागे राहतो व सूक्ष्मदर्शक साधनांनी तो वाचणे शक्य आहे. उपाय म्हणून त्याने त्या काळच्या विविध प्रकारच्या डिस्कना पुरतील अशी ३५ आवर्तने सुचविली. एका डिस्कला त्यांतील मोजकीच लागू होती; परंतु लोकांनी सर्व ३५ आवर्तने एखाद्या अनुष्ठानाप्रमाणे करण्यास आरंभ केला, आणि त्याबद्दल गुटमनने पुढे स्वतःच नापसंती व्यक्त केली. दरम्यान चकत्यांवरील लेखन इतके दाट झाले की जुन्या अंशाला जागाच उरली नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत, २००१ नंतरच्या डिस्कवर एकदाच सर्वत्र लिहिणे पुरेसे आहे, असे नमूद केले.

शास्त्र असे सोपे होत असताना व्यवहार मात्र तेवढाही होत नव्हता. गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी चालू असलेल्या १२९ डिस्कमध्ये नीट पुसलेल्या अवघ्या १२ होत्या, असे त्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. बाकीच्यांतून हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि खाजगी पत्रव्यवहार मिळाला. ज्यांनी त्या विकल्या त्यांतील अनेकांनी त्या पुसल्या होत्या. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे पुसल्या होत्या. लोपाला नाश समजण्याची किंमत ती हीच.

७. धूळपाटीकडे परत

इ.स. २००९ नंतर या इतिहासाला वेगळे वळण लागले. चुंबकीय चकत्यांची जागा फिरणारा भाग नसलेल्या सॉलिड स्टेट साठवणीने घेण्यास सुरुवात केली. हिच्या घटकांवर जुन्यावरच नवे लिहिता येत नाही. आधी मोठा गट एकदम कोरा करावा लागतो. म्हणून कोणती जागा निरुपयोगी झाली हे प्रणालीने साठवणीस कळवावे, यासाठी 'ट्रिम' ही आज्ञा योजण्यात आली; २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती आली. तिच्यामुळे फाइल पुसली की साठवणीचा अंतर्गत नियामक आपल्या सोयीने ती जागा खरोखरच कोरी करतो. ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठाच्या बेल आणि बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये दाखविले की, अशा साठवणीची जलद पुसणी केल्यावर काही मिनिटांतच जवळजवळ सर्व माहिती नाहीशी होते. आणि संगणकाने कोणतीही नवी आज्ञा दिली नसताही होते.

याच्या उलट बाजूही आहे. घटक सारखे झिजावेत म्हणून नियामक एकाच फाइलीच्या जुन्या-नव्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेवतो. त्यामुळे विशिष्ट फाइल निश्चितपणे नष्ट झाली असे सांगणेही कठीण झाले, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये सिद्ध केले. जे हवे ते मिळत नाही आणि जे नको ते गेल्याची खात्री देता येत नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. त्यातच अनेक उपकरणांत माहिती मुळातच गुप्तलेखनात साठविली जाते; तेथे किल्ली नष्ट केली की सर्व संग्रह एका क्षणात अर्थहीन होतो. अक्षरे राहतात, त्यांची भाषा जाते.

८. समारोप

या विवेचनाचे तात्पर्य असे. संगणकातील पुसलेल्या नोंदी परत मिळाल्या त्या यंत्राच्या औदार्यामुळे नव्हे, तर नाव आणि वस्तू यांमध्ये रचनाकारांनी काटकसरीखातर ठेवलेल्या अंतरामुळे. त्या अंतरात नॉर्टनला आपली फाइल सापडली, न्यायालयांना पुरावा सापडला, आणि जुन्या बाजारातील ग्राहकाला परक्याची पत्रे सापडली. हे अंतर कोणी इतिहासाच्या सोयीसाठी ठेवले नव्हते. आणि ते मिटू लागले तेही इतिहासाचा विचार करून नव्हे.

भाषेच्या व इतिहासाच्या विभागांनी याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. बोलींची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे, प्रबंधांचे कच्चे खर्डे आता बहुतांशी अशा साठवणीतच असतात. चूक झाली तरी मागाहून शोधून काढता येईल, हा भरवसा चुंबकीय चकतीच्या काळात अर्धा तरी खरा होता. आता त्यावर विसंबणे योग्य नाही. अनुमानाची वाट अरुंद होत असताना परंपरेची वाट रुंद केली पाहिजे, म्हणजेच भिन्न स्थळी, भिन्न हातांत, वेळच्या वेळी काढलेल्या प्रती ठेवल्या पाहिजेत. आपल्या ग्रंथसंपदेपैकी जे आज शिल्लक आहे ते मुख्यतः नकला करणाऱ्यांच्या चिकाटीने शिल्लक आहे. काही काळ लोपाचा आधार मिळाल्याने हे विस्मरणात गेले असेल. पाटी पुन्हा धुळीची झाली आहे. तिच्यावरून हात फिरण्यापूर्वीच अक्षर दुसरीकडे उतरवून घेतले पाहिजे.